लॅपटॉपमधले सिमकार्ड आणि रिचार्जचा हिशेब



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण नि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. पण आपली कितीतरी मुले हल्ली भिवंडीजवळ मानकोली, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यातल्या गोदामांत नोकरीला आहेत. दिवसा माल मोजायचा, रात्री खोलीवर परीक्षेचा अभ्यास करायचा. मग घरी विचारणा होते, "अण्णा, सिम बसणारा लॅपटॉप घेऊ का?" पैसे ऊसबिलातले जाणार, म्हणून आधी हिशेब करू.

असा लॅपटॉप म्हणजे काय? यात मोबाईलसारखा मोडेम आतच बसवलेला असतो. सिम घातले की वायफाय नसतानाही इंटरनेट चालते. जिओने जुलै २०२३ मध्ये जाहीर केलेले जिओबुक याच जातीचे. तेव्हा किंमत १६,४९९ रुपये होती. इतर कंपन्यांच्या काही मॉडेलांत ही सोय असते, पण बहुधा जादा पैसे पडतात. नुसती सिमची खाच बघून भुलू नये. काही मॉडेलांत खाच असते, आत मोडेम नसतो. दुकानदाराला सिम घालून, चालवून दाखवायला सांगावे.

खर्च कुठे आहे? ट्रायच्या आकड्यांप्रमाणे २०१४ साली १ जीबी डेटा सरासरी २६९ रुपयांना पडे. २०१८ साली तो १२ रुपयांच्या आत आला. डेटा स्वस्त झाला हे खरेच. पण दुसरे सिम म्हणजे दुसरे रिचार्ज. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचे रोज दीड जीबीचे, २८ दिवसांचे रिचार्ज २३९ वरून २९९ रुपये झाले. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज लागतात. २९९ च्या दराने ३,८८७ रुपये झाले, आणि फोनचे रिचार्ज वेगळेच.

पाळीचे पाणी. रोजचा डेटा पाटाच्या पाळीसारखा असतो. आज वापरला नाही तर रात्री बाराला बुडाला. रविवारच्या अभ्यासासाठी बहुधा साठवता येत नाही. साध्या प्रतीचा तासभराचा व्हिडिओ अंदाजे अर्धा ते पाऊण जीबी खातो, उच्च प्रतीचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. शिवाय विंडोजची अपडेट न विचारता उतरतात. त्यासाठी सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करावे; फुटलेल्या पाटाला दारे धरल्यासारखे होते.

मग करावे काय? बहुतेकांना फोनचा हॉटस्पॉट पुरतो. फोनचाच डेटा लॅपटॉपला मिळतो, दुसरे रिचार्ज लागत नाही. फोन तेवढा चार्जिंगला ठेवावा. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज अडते, तिथे फोन दारा-खिडकीशी ठेवून लॅपटॉप आत वापरता येतो. आतला मोडेम मात्र लॅपटॉप असेल तिथेच राहणार. ज्याचे काम दिवसभर फिरतीचे आहे आणि फोन सतत कॉलवर गुंतलेला असतो, त्यालाच सिमचा लॅपटॉप परवडेल.

ठिबकची नळी घेण्याआधी आपण विहिरीचे पाणी मोजतो ना? तसेच आठ दिवस हॉटस्पॉटवर काम करून फोनच्या सेटिंगमध्ये रोजचा डेटा वापर बघा आणि वहीत टिपून ठेवा. रोजचा कोटा पुरत असेल, तर लॅपटॉप साधाच घ्यावा. वाचलेल्या पैशात मुलाच्या परीक्षेची फी आणि पुस्तके येतील.