सावलीचे माप व त्याची पारख

(गावशाळेचे शिक्षक व उपदेशक ह्यांच्यासाठी पाठ)

हिज्कीया राजाच्या आजाराची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील मुलांस ठाऊक आहे. आहाजाच्या पायऱ्यांवरील छाया दहा पायऱ्या मागे आली, असे दुसरे राजे ह्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सांगितले आहे. उन्हात पडणाऱ्या सावलीने दिवस मोजण्याची रीत किती प्राचीन आहे, हे ह्यावरून दिसते. आपल्या देशातही हे ज्ञान जुनेच आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त छायाव्यवहार नावाचे प्रकरण असून, त्यात बारा अंगुळांच्या शंकूचा, म्हणजे उभ्या काठीचा, हिशेब आहे. गावशाळेत दुसरे उपकरण नसले, तरी काठी व ऊन ही असतातच.

१. मांडणी. एक सरळ काठी घेऊन जमिनीच्या वर तिचा जेवढा भाग राहील, त्याचे बारा सारखे भाग करावे व प्रत्येकास अंगूळ म्हणावे. काठी उभी आहे की नाही, हे डोळ्याने ठरवू नये. गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावून पाहावा. जमीन सपाट आहे की नाही, हे पाणी भरलेल्या परातीने पाहावे. मुलांस सूर्याकडे पाहू देऊ नये. त्यांचे काम सावलीशी आहे.

२. दिशा. खरी माध्यान्ह म्हणजे सावली सर्वांत आखूड होण्याचा क्षण. परंतु त्या सुमारास सावलीची लांबी इतकी सावकाश बदलते की, नुसत्या पाहण्याने तो क्षण सापडत नाही. म्हणून सकाळी दहाच्या सुमारास काठीच्या बुडाशी दोरी धरून सावलीच्या टोकातून एक वर्तुळ काढावे व त्या टोकाशी खूण करावी. दुपारनंतर सावली लांबत जाऊन पुन्हा त्याच वर्तुळास टेकेल, तेथे दुसरी खूण करावी. दोन्ही खुणा दोरीने जोडून मधला बिंदू काढावा व तो बुडाशी जोडावा. ही रेषा दक्षिणोत्तर होय. दुसऱ्या दिवशी सावली ह्या रेषेवर आली की माध्यान्ह झाली असे समजावे. हे काम हिवाळ्यात करावे; कारण सोलापुरास ११ मेच्या सुमारास व पुन्हा ऑगस्टच्या आरंभी सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते, आणि मधला बिंदू बुडाशीच मिळतो. ह्या दोन वेळांच्या दरम्यान माध्यान्हीची सावली दक्षिणेस पडते, हेही मुलांस दाखवावे.

३. पारख. आता ह्या मापावर विश्वास ठेवावा काय? आधी पारख करावी. सोलापूरच्या अक्षांशावर २१ मार्चच्या सुमारास बारा अंगुळांच्या काठीची माध्यान्हीची सावली चार अंगुळांहून किंचित कमी असते. २२ डिसेंबरच्या सुमारास ती सुमारे साडेदहा अंगुळे भरते. मार्चमध्ये पाच अंगुळे आली, तर सूर्य चुकला नाही. काठी कलली आहे, अथवा जमीन उतरती आहे.

४. घड्याळ. येथे मुले विचारतील की, सावली रेषेवर आली तेव्हा घड्याळात बारा का वाजले नाहीत? १९०६ साली भारतासाठी ठरलेली प्रमाण वेळ ८२½ अंश पूर्व रेखांशाची आहे. ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर, म्हणजे ६.६ अंश पश्चिमेस आहे. पृथ्वीस एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. म्हणून आपली माध्यान्ह सुमारे २६ मिनिटे मागाहून येते. शिवाय पृथ्वीचा मार्ग पूर्ण वर्तुळ नाही व तिचा आस कललेला आहे. त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास माध्यान्ह १२ वाजून ४० मिनिटांनी, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १० मिनिटांनी होते. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर व २५ डिसेंबर ह्यांच्या सुमारास मात्र हा दुसरा फरक शून्य असतो. तेव्हा सूर्यही खरा व घड्याळही खरे. त्यांच्यामधील अंतर जाणणे हीच पारख होय.

५. शिक्षकास इशारा. वर्गात एक मोह येतो. पुस्तकात जे उत्तर आहे ते यावे म्हणून मूल खूण बोटभर सरकवते, आणि तपासणीस येणार म्हणून शिक्षकही डोळेझाक करतो. बंधूंनो, असे करू नका. सावली जेथे पडली तेथेच खूण करावी, मग उत्तर चुकले तरी चालेल. चुकलेल्या खुणेवरून काठीचा कल शोधता येतो. सरकवलेल्या खुणेवरून काहीच शोधता येत नाही. ज्या मुलाने खूण सरकवली व शाबासकी मिळवली, ते विज्ञान शिकले नाही. ते लबाडी शिकले, आणि तीही आपल्यादेखत.

६. बोध. आपली विवेकबुद्धी ह्या काठीसारखी आहे. ती देवाने दिली आहे, उपयोगाची आहे. पण ती कलू शकते, आणि कललेल्या काठीस आपला कल दिसत नाही. शेजारच्या काठीशी ताडून पाहणेही व्यर्थ, कारण तीही कललेली असू शकेल. जे स्वतःस स्वतःशीच मोजतात ते शहाणे नव्हत, असा आशय पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात मांडला आहे. आमोस संदेष्ट्याने ओळंबा पाहिला तो प्रभूच्या हाती. मंडळीचा हिशेब लिहिताना, भांडणात साक्ष देताना, हजेरीपटावर पटसंख्या भरताना, आपण खूण कोठे करतो? सावली पडली तेथे, की आपणास हवी तेथे? तो ओळंबा आपल्या काठीस दररोज लागो.

पाठावरील प्रश्न

१. आखूड सावली पाहत बसण्यापेक्षा वर्तुळाची रीत अधिक भरवशाची का?
२. सोलापूरच्या माध्यान्हीत व घड्याळाच्या बारात फरक का पडतो?
३. चुकलेली खूण व सरकवलेली खूण ह्यांत भेद कोणता?
४. आपल्या काठीचा कल आपणास कशाने कळतो? आमोस ७ वाचून सांगा.