कारभार मुलांच्या हाती दे

देवपूर, धुळे

चि. मनीषा,



साक्री तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत तू रुजू झालीस आणि पहिल्याच पत्रात नेमकं दुखणं लिहिलंस. मुलं येतात, बसतात, फळ्यावरचं उतरवून घेतात, पण शाळेत त्यांचा जीव नसतो. उपाय म्हणून तू गाणी, खेळ, रंगीत तक्ते, बक्षिसं असं बरंच काही योजलं आहेस. ते कर, त्यात काही वाईट नाही. पण त्याने आठवडाभर उत्साह येईल आणि ओसरेल, असं मला वाटतं, कारण त्या सगळ्यात करणारी तूच आहेस आणि मुलं बघणारी आहेत. आपल्यावाचून काही अडतं असं जिथे मुलाला कळतं, तिथे त्याचं मन लागतं. आपल्या भागात आठ वर्षांच्या पोरीच्या भरवशावर घर टाकून आई मजुरीला जाते. हे योग्य की अयोग्य तो वेगळा विषय, पण तो भरवसा खरा असतो आणि पोरीला तो कळतो. तीच पोर शाळेत आली की आपण तिला हाताची घडी घालून गप्प बसायला सांगतो. शाळेचा रोजचा कारभार जितका मुलांच्या हाती जाईल तितकं त्यांचं शिकणं पक्कं होईल, एवढी एकच गोष्ट मला या पत्रात पटवून द्यायची आहे. कारभार म्हणजे झेंडावंदनाला रांगा लावणं नव्हे. ज्यात चुकलं तर खरोखर काहीतरी चुकतं, असं काम मी म्हणते आहे.

शालेय पोषण आहाराचंच बघ. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ हे प्रमाण ठरलेलं आहे. आज किती काढायचा, याचा हिशोब बहुतेक शाळांत गुरुजी करतात, स्वयंपाकी ताईंना आकडा सांगतात आणि साठा नोंदवहीत लिहितात. हे काम चौथीतल्या दोघांकडे आठवडाभर दे. सकाळी हजेरी मोजायची. ३७ मुलं आली तर ३ किलो ७०० ग्रॅम, ते ताईंसमोर काट्यावर तोलून द्यायचे. मग त्यांना विचार, ५० किलोचं पोतं किती दिवस जाईल? रोज ३७ धरले तर १३ दिवस जाईल आणि १ किलो ९०० ग्रॅम उरेल. चौदाव्या दिवशी तेवढ्यात भागणार नाही, म्हणजे त्याआधी दुसरं पोतं यायला हवं. भागाकारातल्या बाकीला अर्थ असतो हे पुस्तकातल्या शंभर उदाहरणांनी जे समजत नाही, ते इथे एका पोत्याने समजतं. शिवाय रोज ३७ मुलं कुठे येतात? सोमवारी बाजार असेल तर २९, पाऊस लागला तर २२. म्हणजे सरासरी आली, अंदाज आला, आणि "आज एवढी पोरं का नाहीत?" हा प्रश्नही मुलांनीच विचारला. चव नोंदवहीचंही तसंच. तिच्यात "चांगली" हा एकच शब्द वर्षभर लिहिलेला असतो. मोठ्यांच्या चवीची रीतसर नोंद तुझी तू ठेवच, पण शेजारी मुलांची एक वही ठेव आणि रोज एकाने दोन वाक्यं लिहावीत असं कर. मीठ कमी होतं, वाटाणा कच्चा राहिला, आज सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागितली. तिसरीतलं मूल ज्या लेखनाला कंटाळतं ते लेखन इथे आपोआप घडतं, कारण ते वाचून दुसऱ्या दिवशीच्या खिचडीत फरक पडतो. चुलीपाशी मात्र कोणत्याही मुलाला जाऊ देऊ नकोस. तोलणं, मोजणं, लिहिणं त्यांचं, शिजवणं ताईंचं.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ काढून वाच. कृती, शोध आणि चौकशी यांतून शिकणं, मुलाला भीती आणि ताणापासून मुक्त ठेवणं, त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडता येणं, हे सगळं तिथे कायद्याच्या भाषेत लिहिलेलं आहे. म्हणजे मुलाचा सहभाग ही तुझ्या कृपेची गोष्ट राहिली नाही. आणि त्याने शिकणं सुधारतं का, असं कुणी विचारलं तर कोलंबियाचं उदाहरण दे. तिथल्या डोंगराळ ग्रामीण भागात तुझ्यासारख्याच शाळा होत्या, एक-दोन शिक्षक आणि सगळ्या इयत्ता एकत्र. १९७० च्या दशकात तिथे 'एस्कुएला नुएवा', म्हणजे नवी शाळा, नावाची पद्धत सुरू झाली. मुलं स्वाध्याय-पुस्तिकांवरून आपापल्या गतीने, गटात शिकतात आणि मुलांचं निवडलेलं मंडळ वाचनालय, बाग, स्वच्छता, शाळेचे नियम बघतं. ती हजारो शाळांत पसरली. पुढे झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत या शाळांतल्या तिसरीच्या मुलांचं गणित आणि भाषा नेहमीच्या ग्रामीण शाळांपेक्षा सरस आढळली. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की बहुवर्ग शाळा ही त्यांनी उणीव मानली नाही. चौथीतलं मूल पहिलीतल्याला शिकवू शकतं ही सोय एकेका इयत्तेची तुकडी असणाऱ्या शहरी शाळेला मिळतच नाही, ती तुला फुकट मिळाली आहे.

पण एवढं लांब जायची गरजही नाही. तुझ्या शाळेजवळून पांझरा किंवा कान नदी वाहत असेल तर गावातल्या म्हाताऱ्यांना फड पद्धतीबद्दल विचार. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात त्या वर्षी एकच पीक. कुणाच्या शेताला कधी पाणी द्यायचं हे पाटकरी बघणार, राखणीला जागल्या असणार, पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं, आणि पाणी कमी असलं तर कोणता फड सोडायचा हे लाभधारकांनी बसून ठरवायचं. काही शतकं हा कारभार निरक्षर म्हणवल्या गेलेल्या शेतकऱ्यांनी चालवला. मोठी धरणं, विहिरी, मोटारी आल्यावर त्यातलं बरंच मोडलं, तरी इतका काळ तो टिकला कसा याचा विचार कर. ज्यांना नियम पाळायचे होते त्यांनीच ते केले होते, आणि पाटाच्या शेवटच्या टोकाच्या माणसाचंही त्यात ऐकलं जात होतं. शाळेच्या नियमांना मी हीच कसोटी लावीन. भिंतीवर रंगवलेले दहा नियम कुणी केले? मुलांनी केले नसतील तर ती ते तुझ्यासमोर पाळतील आणि तुझी पाठ वळली की सोडतील. शनिवारी अर्धा तास सगळ्यांनी गोल बसावं, आठवड्यातली भांडणं आणि अडचणी मांडाव्यात, आणि एक नियम ठरवावा. तो चुकीचा ठरला तर पुढच्या शनिवारी बदलावा. चेंडू एकच आहे आणि मोठी मुलं तो सोडत नाहीत, ही तक्रार तुला किरकोळ वाटेल. पण वाटणीचा न्याय शिकवायला याहून चांगला धडा पुस्तकात नाही.

आता तुला कोण काय म्हणेल ते सांगते. पालक म्हणतील, "आमचं पोर झाडू मारायला पाठवलं नाही." ही तक्रार हसण्यावारी नेऊ नकोस. तिच्यामागे इतिहास आहे. आपल्याकडे कित्येक पिढ्या शाळेतही झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे जातीवरून ठरत होतं, आणि पाणी कुणी भरायचं, भांडी कुणी घासायची हे बाई की पुरुष यावरून. मुलांना कामं दिली आणि वाटणी त्यांच्यावर सोडली, तर गावातली उतरंड आठ दिवसांत तुझ्या शाळेत येऊन बसेल. मुली झाडतील, मुलगे घंटा वाजवतील, आणि डोंगराकडच्या पाड्यावरचं पोर संडासाला पाणी टाकत राहील. म्हणून पाळी भिंतीवर लिहून लाव, प्रत्येक काम प्रत्येकाच्या वाट्याला येऊ दे, आणि त्या पाळीत तुझं आणि तुझ्या सहकारी गुरुजींचंही नाव असू दे. साने गुरुजींनी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलं आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी घेतली, तेव्हा मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, आणि त्याच मुलांसाठी रोजचा हस्तलिखित अंकही काढत. झाडणं आणि लिहिणं एकाच हातून होताना मुलांनी पाहिलं, म्हणून त्यांना त्यातलं कोणतंच काम हलकं वाटलं नसणार. ज्या दिवशी झाडण्याच्या पाळीत तुझं नाव पालकांना दिसेल, त्या दिवशी तक्रारीचा जोर निम्मा होईल. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांना पोरांच्या हिशोबाच्या वह्या दाखव.

केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी वेगळा आक्षेप घेतील. निपुण अभियानाची उद्दिष्टं गाठायची आहेत, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि मूलभूत गणित करता आलं पाहिजे, त्यात हे उद्योग कधी करायचे? उद्दिष्ट अगदी बरोबर आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला सहभागाच्या नावाखाली नुसतं बागकाम देणारी शाळा त्याची फसवणूक करते, आणि अशी शाळा तू चालवलीस तर मला वाईट वाटेल. अक्षरओळख, जोडाक्षरं, पाढे यांना रोजचा ठरलेला वेळ हवाच आणि त्यात हयगय नको. पण पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापनाचे ठेवले आहेत. त्यातला किती वेळ मुलं प्रत्यक्ष वाचतात, लिहितात, बोलतात, आणि किती वेळ तुझं दुसऱ्या वर्गाचं आटोपण्याची वाट बघत बसतात, हे एक आठवडा प्रामाणिकपणे टिपून ठेव. दोनशिक्षकी शाळेत हा वाट बघण्याचा वेळ मोठा असतो, आणि मी सांगते आहे ती सगळी कामं त्या वेळात बसतात.

भाषेचंही त्यातच आलं. तुझ्याकडे अहिराणी बोलणारी मुलं असतील, काही भिली किंवा मावची बोलणारी असतील. धड्यावरच्या प्रश्नाला ती गप्प राहतात, कारण उत्तर पुस्तकाच्या मराठीत द्यायचं असतं. तेच मूल "मना भाऊ उना नही, त्याना तांदूय कमी करा" असं हजेरीच्या वेळी बेधडक सांगेल, कारण तिथे सांगायला त्याच्याजवळ काही आहे. ते तसंच ऐकून घे. मग नोंद करताना तेच वाक्य वहीत प्रमाण मराठीत कसं लिहायचं ते त्याच्या शेजारी बसून दाखव. बोलीचा हात धरून मूल पुस्तकाच्या भाषेत येतं. तोंडच बंद केलं तर ते दोन्हीकडून राहतं.

आणखी एक धोका आहे आणि तो तुझ्याच हातून व्हायचा संभव जास्त. चुणचुणीत चार मुलं हाताशी धरायची, त्यांचीच बालसंसद, त्यांच्याच गळ्यात पंतप्रधान आणि आरोग्यमंत्र्याचे बिल्ले, आणि पाहुणे आले की त्यांनीच परिपाठ म्हणायचा. बाहेरून शाळा झकास दिसते, पण बाकीच्या तीस मुलांसाठी आणखी एक तमाशा उभा राहतो. निवडणूक घे, पण काम निवडणुकीवर ठेवू नकोस, पाळीवर ठेव. जो अडखळत वाचतो त्याचीही परिपाठात बातमी वाचायची पाळी यायला हवी, फक्त त्याला ती आदल्या दिवशी दे, म्हणजे तो तयारी करून येईल. दिवाळीनंतर तुझ्याकडची काही कुटुंबं ऊसतोडीला जातील, गुजरातेत जातील. त्यांची मुलं परत आली की पटावर नाव असतं, पण शाळेत जागा नसते. पाळीच्या तक्त्यावर त्यांची नावं खोडू नकोस. आल्या दिवशीच त्यांच्या हाती काम दे.

गावाची चिंता करू नकोस. शाळेच्या बाबतीत हात झटकणारी गावं ही नाहीत. न्यूयॉर्कला नोकरी करणारे मूळचे धुळ्याचे हर्षल विभांडिक यांनी काही वर्षांपूर्वी गावोगाव सभा घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करायची मोहीम चालवली, तेव्हा गावाने आपला वाटा उचलावा ही त्यांची अट होती. तो वाटा उचलला गेला, म्हणूनच जिल्ह्यातल्या हजारावर शाळांपर्यंत ते काम पोचलं. गाव पैसे देतं हे सिद्ध झालं आहे. आता गावाकडे माहिती मागायला मुलांना पाठव. तुझ्याच तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड जंगल राखून पुन्हा उभं केलं, आणि तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते, त्यात बायाबापड्या डझनावारी भाज्या ओळखून, रांधून मांडतात. ते ज्ञान तुझ्या मुलांच्या आज्यांकडेही आहे. एका पावसाळ्यात मुलांनी घरोघरी विचारून भाजीचं नाव, कुठे मिळते, कशी करतात एवढं लिहून आणलं, तर शाळेचं स्वतःचं पुस्तक तयार होईल, आणि ज्या आज्या कधी शाळेची पायरी चढल्या नाहीत त्या ते तपासायला येतील. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायदा म्हणतो, पण सभेला त्या सहीपुरत्या येतात. पोरांनी लिहिलेलं समोर ठेवलंस तर बोलायला येतील.

सगळं एकदम काढू नकोस. या महिन्यात फक्त तांदळाचा हिशोब आणि शनिवारची बैठक, एवढंच. हिशोब पहिल्या आठवड्यात चुकेल, त्यामुळे सरकारी नोंदवहीत तुझा तू तपासून लिही आणि मुलांची वही वेगळी ठेव. दोन्हींतला फरक कुठून आला हे त्यांनाच शोधू दे, तू लगेच सांगू नकोस. सहकारी गुरुजी वयाने मोठे आहेत असं लिहिलंस, तर सुरुवात करण्याआधी त्यांच्याशी बोल आणि त्यांचं नाव पाळीत पहिलं घाल. मुलांची वही महिनाभर चालली की त्यातली चार पानं फोनवर फोटो काढून पाठव. खाडाखोड केलेली पाठव, नीट उतरवून काढलेली नको.

तब्येतीला जप.

तुझी,
आत्या