मधुमेह आणि लैंगिक दुर्बलता : संकोच नको, सल्ला हवा

मधुमेही पुरुषांची एक तक्रार केसपेपरावर क्वचितच नोंदली जाते, कारण रुग्ण ती सांगतच नाहीत. ती म्हणजे लैंगिक दुर्बलता. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांना इजा होते आणि लिंगास पुरेसा रक्तपुरवठा होत नाही. हा दोष पौरुषाचा नसून व्याधीचा आहे. काही वेळा ती हृदयविकाराची पूर्वसूचनाही ठरते.

१९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल व त्यानंतर आलेले टाडालाफिल ही औषधे रक्तवाहिन्या शिथिल करून रक्तप्रवाह वाढवितात. मधुमेहींना त्यांचा गुण इतरांपेक्षा काहीसा कमी येतो. म्हणून साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे हा उपचाराचाच भाग होय.

मात्र हृदयविकारासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट औषधे घेणाऱ्यांनी या गोळ्या मुळीच घेऊ नयेत. रक्तदाब एकाएकी घसरून प्राणावर बेतू शकते. गोळी घेतल्यानंतर छातीत दुखू लागल्यास ती घेतल्याचे डॉक्टरांपासून लपवू नये. दुकानातून परस्पर गोळी आणण्याऐवजी डॉक्टरांना विश्वासात घ्यावे आणि कुटुंबीयांनी रुग्णास धीर द्यावा, ही आमची नम्र विनंती.