कळलावी वाळली, आता काय?

प्रश्न : रोपवाटिकेतून आणलेली कळलावी श्रावणात सुंदर फुलली. दिवाळीनंतर मात्र वेल पूर्ण वाळला. झाड मेले का?

उत्तर : मुळीच नाही. कळलावी बहुवर्षायू आहे, पण पावसाळा संपला की वेल वाळतो आणि जीव जमिनीखालच्या कंदात राहतो. तेव्हा आता पाणी पूर्ण बंद करा. हिवाळ्यात कुंडी ओली राहिली तर कंद कुजतो. बहुतेक कळलाव्या अशाच, मायेपोटी घातलेल्या पाण्याने जातात.

कुंडी वळचणीला, कोरड्या जागी ठेवा. मे अखेरीस माती बदलायची असेल तर कंद फार जपून काढा. तो नांगराच्या आकाराचा असतो आणि कोंब फक्त टोकाला येतो. टोक मोडले की तो भाग वाया गेला. भुसभुशीत, निचऱ्याच्या मातीत दोन-तीन इंच खोल, आडवा लावा. पानांची टोकेच ताणे होऊन आधार धरतात, म्हणून बारीक काटक्या किंवा जाळी हवी. जाड बांबू त्यांना पकडता येत नाही. ऊन भरपूर द्या.

सर्वांत महत्त्वाचे : हे झाड सर्वांगी विषारी आहे. कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. कंद हातमोजे घालूनच हाताळा आणि रताळ्या-कोनफळांजवळ कधीही ठेवू नका. घरात लहान मूल किंवा कुत्रा-मांजर असेल तर कुंडी गच्चीवर, त्यांच्या आवाक्याबाहेर हलवा. कुणाच्या पोटात गेलेच तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा.

आणखी रोपे हवी असल्यास ती रोपवाटिकेतूनच घ्या. औषधासाठी रानातले कंद आधीच फार उकरले गेले आहेत.