वायूचा पाषाण

फुलंब्रीच्या आसपास विहीर खणूं लागल्यास प्रथम माती, मग मुरूम व त्याखालीं काळा पाषाण लागतो. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं थरावर थर वाहत येऊन थिजलेला लाव्हा तो हाच. त्यास बेसाल्ट म्हणतात. वेरूळचीं लेणीं ह्याच पाषाणांत कोरलेलीं आहेत.

कोळसा व तेल जाळल्यानें निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायु हवेंत सांठून पृथ्वी तापत आहे. हा वायु धुराड्यांतच पकडून अशा पाषाणांत खोल कोंडावा, असा विचार शास्त्रज्ञ करीत आहेत.

परंतु दगडांत वायु शिरणार कसा? लाव्ह्याचा प्रत्येक थर थिजतांना त्याच्या माथ्यांत वायूचे बुडबुडे अडकले व तो भाग सच्छिद्र झाला. शिवाय निवतांना पाषाण आकसून त्यास भेगा पडल्या. परस्परांस जोडलेल्या ह्या छिद्रांतून व भेगांतून आमच्या विहिरींस झरे येतात. वायूचीही वाट तीच. थराचा मधला भाग घट्ट असल्यामुळें तो झांकणाचें काम करतो. तथापि त्यांतही उभ्या भेगा असतात.

खोल जागीं दाबामुळें वायु द्रवासारखा दाट होतो, तरी पाण्याहून हलका असल्यानें वर चढूं पाहतो. तोच पाण्यांत विरघळवून सोडला, तर तें पाणी किंचित् जड होऊन खालींच राहतें. तें आंबट पाणी पाषाणांतील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह हळूहळू सोडवितें, आणि त्यांच्याशीं संयोग पावून वायूचें घन खनिज बनतें. आइसलँडांत हेलिशेइदी येथें २०१२ सालीं हा प्रयोग झाला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, ९५ टक्क्यांहून अधिक वायु दोन वर्षांच्या आंत पाषाणरूप झाला होता.

ह्याची साक्ष आपल्या दगडांतही मिळते. त्याच्या पोकळ्यांत सांपडणाऱ्या पांढऱ्या स्फटिकांपैकीं कांहीं कॅल्साइटाचे असतात. शिक्षकांच्या देखरेखीखालीं त्यांवर सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यास बुडबुडे उठतात. दगडांत बद्ध असलेला कार्बन डाय-ऑक्साइडच तो!

मग हा उपाय येथेंच कां करूं नये? ह्या रीतीनें एक टन वायु मुरविण्यास सुमारें २५ टन पाणी लागतें. ज्या मराठवाड्यांत उन्हाळ्यांत गांवेंच्या गांवें टँकरची वाट पाहतात, तेथें तें आणावें कोठून? समुद्राचें पाणी वापरून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत; पण समुद्र आमच्यापासून दूर आहे. शिवाय, ज्या भेगा वायूस वाट देतील त्याच आमच्या विहिरींच्या शिरा आहेत. म्हणून वायु विहिरींच्या फार खालीं राहील व मधलें झांकण अभंग आहे, हें आधीं पारखून घेतलें पाहिजे.

सृष्टि ही ईश्वरानें आम्हांस विश्वासानें सोंपविलेली ठेव आहे. हवा शुद्ध करावी, पण शेजाऱ्याचें पाणी नासूं नये, हा विवेक विद्यार्थ्यांनीं रसायनशास्त्राबरोबरच शिकावा. आणि जो धूर मुळांतच निघत नाहीं, त्यास कोंडण्याचा खटाटोपही करावा लागत नाहीं, हें घरोघरीं ध्यानांत ठेवावें.