कॉम्प्युटर नाही मिळालं? मालट्रककडे बघा

सीईटीचा निकाल लागला की माझा फोन एकाच सुरात वाजायला लागतो. "सर, सत्याऐंशी पर्सेंटाइल आहेत, कॉम्प्युटर मिळेल का?" "कॅपमध्ये मेकॅनिकल मिळतंय, पण मॅनेजमेंट कोट्यातून एआय-डेटा सायन्स घेतलं तर?" "आत्ता काहीही घेऊन ठेवू आणि दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलू, चालेल ना?" बोलत असतात वडील, मागून आई दुरुस्त्या सुचवत असते. ज्याच्या आयुष्याची ही चर्चा आहे, तो मुलगा शेजारच्या खोलीत दार लावून बसलेला असतो. त्याला फोन द्या म्हटलं की उत्तर ठरलेलं: "त्याला काय कळतंय, सर?"

कॉम्प्युटर वाईट नाही. ज्या मुलाला कोड लिहिताना जेवणाची आठवण राहत नाही, त्याने तेच करावं, माझ्या सल्ल्याची त्याला गरजच नाही. माझं भांडण आहे ते शेजाऱ्याच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली म्हणून घर गहाण टाकून कोट्याची जागा घेणाऱ्यांशी. कॅम्पसवर ऑफर लेटर हातात पडलं आणि जॉइनिंगची तारीख महिनोन् महिने पुढे जात राहिली, अशी मुलं तुमच्याही ओळखीत असतील. ज्या ब्रँचकडे अख्खा जिल्हा धावतो, तिथून चार वर्षांनी बाहेर पडताना सोबत अख्खा जिल्हा असतो, हे गणित पर्सेंटाइल काढणाऱ्यांना कळू नये?

बाकीचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. सिव्हिल, इलेक्ट्रिकल, फार्मसी, सीए, कायदा, सगळं ठीक आहे आणि सगळ्यांवर पानंच्या पानं छापून झाली आहेत. आज मला एका अशा गोष्टीबद्दल लिहायचंय जिच्यासाठी आजवर एकाही पालकाने फोन केलेला नाही.

मुंबई-पुणे रस्त्यावरून जाताना पुढच्या ट्रेलरवर काय बांधलंय ते बघा. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून निघालेली पत्र्याची गुंडाळी एकटीच वीस टनांच्या घरात भरू शकते. घाटात उतारावर ब्रेक लागला की ती पुढे जायला बघते आणि पुढे ड्रायव्हरची केबिन असते. तिला धरून ठेवतात साखळ्या, ठोकळे आणि पट्टे. ट्रकवाले त्या पट्ट्याला नुसतं 'बेल्ट' म्हणतात, कागदावर त्याचं नाव लॅशिंग बेल्ट. रुंदी बहुतेक वेळा ५० मिलिमीटर, एका टोकाला आवळायचं रॅचेट, दोन्हीकडे हुक. हा पट्टा कुणीतरी डिझाइन करतो. तो कुणीतरी तुमचा मुलगा किंवा मुलगी का असू नये?

"त्यात डिझाइन काय करायचंय, सर? नाडीच की." असं म्हणणाऱ्यांसाठी एक गणित देतो. अकरावीचं भौतिकशास्त्र पुरतं.

दोन टनांचा लाकडी खोका ट्रकच्या फळीवर ठेवलाय. पुढे कशाचाही टेका नाही. खोका आणि फळी यांच्यातला घर्षणांक ०.३ धरा. युरोपातलं मानक, ईएन १२१९५, सांगतं की ब्रेक दाबल्यावर माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट बलाने पुढे सरकू पाहील असं धरूनच बांधा. बाजूला आणि मागे ०.५ पट. पट्टा खोक्यावरून आडवा टाकून दोन्ही बाजूंना आवळला. पट्ट्यावर '५ टन' छापलेलं आहे. माल दोन टनांचा, पट्टा पाच टनांचा, मग एक पट्टा पुरे?

पुरे नाही. सात लागतात.

कारण वरून टाकलेला पट्टा मालाला धरत नाही, तो मालाला फळीवर दाबतो. धरण्याचं काम घर्षण करतं. त्यामुळे पट्टा किती बलाला तुटतो याला इथे फारशी किंमत नाही. रॅचेट आवळून हात काढल्यावर पट्ट्यात किती ताण शिल्लक राहतो ते महत्त्वाचं. लेबलवर हा आकडा वेगळा छापलेला असतो, त्याला एसटीएफ म्हणतात. वरच्या गणितात मी तो ३०० डेकान्यूटन धरलाय, म्हणजे ढोबळमानाने ३०० किलोंचं ओझं, आणि पुढच्या दिशेसाठी मानकात सांगितलेली सव्वापट सुरक्षाही घेतली आहे. पट्टा उभा असेल तर सात. खोका बुटका असेल आणि पट्टा फळीशी ३० अंशांचाच कोन करत असेल, तर साइनची किंमत निम्मी होते आणि सातचे चौदा होतात. आता खोक्याखाली रबराची घसरणविरोधी चटई घाला. घर्षणांक ०.६ झाला, तर उभ्या पट्ट्यांची गरज सातवरून दोनवर येते. पाच पट्टे वाचवले ते एका चटईने. घरी बसून करून बघा. ज्या मुलाला हे उत्तर बघून "कसं काय?" असा प्रश्न पडला, त्याच्या आईवडिलांनी पुढचं वाचावं. ज्याला पडला नाही, त्याला या वाटेला घालू नका.

चुकीच्या हिशेबाची किंमत काय असते, त्याचा दाखला जगाने पाहिलाय. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बगरामहून बोइंग ७४७ जातीचं मालवाहू विमान उडालं. पोटात पाच चिलखती लष्करी वाहनं, प्रत्येकी १२ ते १८ टनांची, पट्ट्यांनी बांधलेली. आधीच्या टप्प्यात एक पट्टा तुटल्याचं विमानातल्या लोकांच्या लक्षात आलं होतं. उड्डाण करताना मागचं वाहन सुटलं, मागे सरकलं, त्याने हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीकडची नियंत्रणं निकामी केली. विमान धावपट्टीजवळच कोसळलं, सातही जण गेले. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-तपास संस्थेने २०१५ मध्ये अहवाल दिला, त्यात बोट ठेवलं ते वैमानिकाच्या हातांवर नाही, तर इतका जड माल बांधण्याच्या अपुऱ्या पद्धतीवर. पट्टे होते. पुरेसे नव्हते.

आता डिझाइन करणारा नेमकं करतो काय? पहिली निवड धाग्याची. पॉलिएस्टर, नायलॉन की पॉलिप्रॉपिलीन. बहुतेक लॅशिंग बेल्ट पॉलिएस्टरचे, कारण ते कमी ताणतं. मानक म्हणतं की पट्टा त्याच्या ठरवलेल्या भारापर्यंत ७ टक्क्यांहून जास्त लांबता कामा नये. नायलॉन जास्त ताणतो आणि ओला झाला की थोडी ताकद गमावतो, म्हणून चिखलात रुतलेली गाडी ओढायला तो उत्तम, माल बांधायला नाही. रसायनांचाही हिशेब असतो. पॉलिएस्टरला अल्कली सोसत नाही आणि नायलॉनला आम्ल. कॉस्टिक सोड्याची पिंपं वाहणाऱ्या गाडीवर कोणता पट्टा, हा परीक्षेतला प्रश्न नाही, तळोजा एमआयडीसीतून रोज निघणाऱ्या गाड्यांचा आहे. युरोपात लेबलच्या रंगावरूनच धागा ओळखता येतो: पॉलिएस्टर निळा, नायलॉन हिरवा, पॉलिप्रॉपिलीन तपकिरी.

गंमत अशी की मोटारीचा सीटबेल्टही पॉलिएस्टरचाच असतो, जवळपास तशाच मागावर विणलेला, पण त्याचं काम उलटं. व्होल्वोच्या निल्स बोहलिनने १९५९ मध्ये आणलेला तीन बिंदूंचा पट्टा माणसाला धरताना थोडा लांबलाच पाहिजे, नाहीतर बरगड्या मोडतील. ट्रकवरचा पट्टा तसा लांबला तर माल सैल होईल. धागा तोच, पीळ, वीण आणि उष्णतेची प्रक्रिया बदलून दोन वेगळी माणसं घडवावीत तशा या दोन वस्तू घडतात. इतकं सुंदर काम असताना लोकांना टेक्स्टाइल म्हटलं की साड्याच का आठवतात, मला कळत नाही.

विणून झालं की खरी कसोटी शिवणीची. पट्टा हुकातून वळवून शिवला की सुई काही तंतू तोडतेच. म्हणून मानक आधीच धरून चालतं: न शिवलेली पट्टी ठरवलेल्या भाराच्या किमान तिप्पट बलाला टिकली पाहिजे आणि शिवून, रॅचेट लावून तयार झालेला अख्खा संच दुप्पट बलाला. टाक्यांचा नमुना कोणता, दोरा कोणता, टाके दाट घालावेत की विरळ, यावर माणसं वर्षानुवर्षं काम करतात. दाट टाके म्हणजे मजबूत शिवण, असं आपल्याला वाटतं. फार दाट घातले तर पट्टी टाक्यांच्या ओळीवरच फाटते.

आणि मग हात. मानकात माणसाच्या हाताचं बल ५० डेकान्यूटन धरलंय, म्हणजे जवळपास ५० किलो. लासलगावहून रात्री कांद्याची गाडी भरणाऱ्या क्लीनरच्या खांद्यात तेवढीच ताकद आहे, त्याहून जास्त मागायची नाही. रॅचेटचा दांडा लांब केला, ढकलण्याऐवजी खाली ओढण्याचा केला, की त्याच हाताने पट्ट्यात जास्त ताण बसतो. गोण्या वाटेत दबतात, पट्टा सैल पडतो, तो पुन्हा आवळावा लागतो. अंधारात, पावसात, हातमोजे नसताना. हे ज्याने बघितलं नाही त्याने रॅचेट डिझाइन करू नये. आपल्याकडे अजून कितीतरी गाड्या दोर आणि ताडपत्रीवर चालतात आणि पट्टा असलाच तर कमी पडला म्हणून त्याला गाठ मारलेली असते. गाठ मारली की पट्ट्याची ताकद पार घटते. गाठ मारायची गरजच पडू नये असा पट्टा करणं, हेही डिझाइनच.

शिकायचं कुठे? पट्ट्यांचं डिझाइन अशी पदवी नाही, तेव्हा गूगलवर शोधू नका. दार दोन बाजूंनी आहे. धागा, वीण, शिवण या बाजूने जायचं तर टेक्स्टाइल इंजिनिअरिंग: इचलकरंजीचं डीकेटीई, मुंबईत व्हीजेटीआय आणि आयसीटी, नांदेडचं एसजीजीएस, झेप मोठी असेल तर आयआयटी दिल्ली. हुक आणि रॅचेटच्या बाजूने जायचं तर मेकॅनिकल, म्हणजे जे तुम्हाला कॅपमध्ये मिळतंय आणि नको आहे तेच. पदवीनंतर अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये पुढचं शिक्षण घेता येतं. घाटकोपरला बीट्रा आणि वरळीला ससमिरा या संशोधन संस्था आहेत, तिथे प्रकल्प मिळतो का बघा. केंद्र सरकारने २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटी रुपयांचं राष्ट्रीय मिशन मंजूर केलं. पट्टे, सीटबेल्ट, उंचीवर काम करणाऱ्यांचे हार्नेस, हे सगळं त्याच तांत्रिक वस्त्रांच्या घरातलं. आग्र्याची एडीआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा विमानातून लष्कराचं जड सामान पॅराशूटने उतरवण्यावर काम करते; तिथेही शेवटी पट्टा आणि शिवणच.

'टेक्स्टाइल' शब्द उच्चारला की फोनच्या पलीकडे शांतता पसरते. लालबाग-परळच्या घरांत ती जास्त जाणवते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात ज्यांच्या आजोबांची गिरणी गेली, त्यांना मी दोष देत नाही. पण भीती ज्या गिरणीची आहे, तिथे चादरी आणि धोतरं विणली जायची, आणि ती बंद पडण्यामागे जमिनीच्या भावापासून राजकारणापर्यंत बरीच कारणं होती. कापड विणण्याचं शास्त्र त्या गिरणीबरोबर गेलं नाही.

पगाराबद्दल खोटं बोलणार नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या जाहिरातींत झळकणारा आकडा इथे पहिल्या वर्षी दिसणार नाही. काम इचलकरंजीत, सिल्व्हासाला, सुरतेला असेल, कदाचित शिफ्टही. "मुलीला कारखान्यात कसं पाठवायचं?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. चाचणी, प्रयोगशाळा, डिझाइन यांत मुली आहेत आणि चांगलं काम करतात. शिफ्ट नको असेल तर मुलाखतीत मुलीने स्वतः विचारावं, वडिलांनी एचआरला फोन करू नये. करतात, म्हणून सांगतोय.

कॉलेज बघायला जाल तेव्हा वायफाय आणि कँटीन नंतर बघा. आधी चाचणी प्रयोगशाळा दाखवा म्हणा. ताण देऊन पट्टा तोडणारं यंत्र किती टनांपर्यंत जातं, त्याचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, अरुंद पट्ट्या विणणारा नीडल लूम चालू आहे की झाकून ठेवलाय, विद्यार्थ्यांना हात लावू देतात की लांबून दाखवतात. हे प्रश्न मुलाला विचारू द्या, तुम्ही मागे उभे राहा. आणि उत्तर देणारे सर प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे आहे ते शोधायला गेले, तर पुढच्या कॉलेजची बस पकडा.