मधाची शुद्धता : प्रयोगशाळेत आणि मधपेटीत

मध थिजला म्हणजे त्यात साखर मिसळली, हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात मोहरीच्या मधात ग्लुकोजचे प्रमाण अधिक असल्याने तो शुद्ध असूनही लवकर थिजतो. उलट पाक मिसळलेला मध दीर्घकाळ पातळ राहू शकतो. पाण्यात थेंब सोडणे, मधात बुडवलेली वात पेटवणे या घरगुती चाचण्याही विश्वासार्ह नाहीत. त्यामुळे शुद्धतेचा निर्णय रासायनिक विश्लेषणावरच सोपवावा लागतो.

ऊस व मका या सी-४ गटातील वनस्पती होत, तर मधमाश्यांना मकरंद पुरविणाऱ्या बहुतेक वनस्पती सी-३ गटातील असतात. हे दोन गट हवेतील कार्बन डायऑक्साइड भिन्न मार्गांनी स्थिर करतात. परिणामी उसाच्या साखरेत कार्बन-१३ या जड समस्थानिकाचे प्रमाण किंचित अधिक असते. पाक मिसळल्यास मधातील हे प्रमाण बदलते. मधातील प्रथिनांचे मात्र बदलत नाही. म्हणून प्रथिने हाच तुलनेचा आधार मानला जातो. मधाचे मूल्य प्रथिनांच्या मूल्यापेक्षा दर हजारी १ एककाने अधिक आढळल्यास सुमारे ७ टक्के सी-४ शर्करेची भेसळ सूचित होते.

भात व बीट या मात्र सी-३ वनस्पती असल्याने त्यांचा पाक या चाचणीतून निसटतो. तेथे एनएमआर तंत्र उपयोगी पडते. त्यात नमुन्याच्या आलेखाची तुलना अस्सल मधांच्या संदर्भसंग्रहाशी केली जाते. म्हणून त्या संग्रहात भारतीय मधांचे पुरेसे नमुने असणे आवश्यक आहे.

भेसळीखेरीज हाताळणीही तपासली जाते. मध तापविल्यास किंवा दीर्घकाळ साठविल्यास त्यात एचएमएफ हे संयुग वाढते. भारतीय मानकांनुसार त्याची कमाल मर्यादा किलोग्रॅममागे ८० मिलिग्रॅम, तर ओलाव्याची २० टक्के आहे.

उपकरण शर्करा ओळखते, हेतू नव्हे. फुलोऱ्याच्या टंचाईत वसाहतीला दिलेला साखरेचा पाक माश्यांनी मधकोठीत साठविला, तर प्रामाणिक मधपाळाचा मधही भेसळयुक्त ठरू शकतो. यास्तव मधकोठी काढून ठेवूनच पाक द्यावा आणि फुलोरा सुरू होण्यापूर्वी तो थांबवावा. मेणाने पूर्ण बंद झालेल्या चौकटींतीलच मध काढावा, तो थेट आचेवर तापवू नये आणि पाक दिल्याच्या तारखांची नोंद ठेवावी. प्रयोगशाळा शुद्धता सिद्ध करू शकते. ती राखण्याचे काम मधपेटीजवळच होते.